पहिला आवाज कोणाचा हवा?

कानवाली भांडायचीसुद्धा हळू आवाजात. आणि तेही बुधवार पेठेत! एका बाजूला स्पीकर विकणारे दुकानदार गिऱ्हाइकाला स्पीकर वाजवून दाखवतायत, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या दर्शनाची रांग, मधून रिक्षा, हातगाड्या आणि "बाजू, बाजू" ओरडणारे हमाल. या सगळ्याच्या मधोमध, जिन्याखालच्या टपरीएवढ्या दुकानात कानाची मशिनं दुरुस्त करत बसलेली ही बाई समोरच्याला ओठ नीट हलवत सांगायची, "तुम्ही मला फसवताय. मला ते कळलंय. आता जा." समोरचा ओरडायच्या तयारीनं आलेला असायचा. पण तिचं बोलणं ऐकायला त्याला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. मुकाट्यानं जायचा.

मीही पहिल्यांदा ओरडायच्या तयारीनंच गेले होते. सासूबाईंचं कानाचं मशीन बंद पडलं होतं. जिथून घेतलं त्या चकचकीत दुकानातल्या मुलीनं ते झुरळ धरावं तसं दोन बोटांत धरलं, "मॅम, हे मॉडेल आता सपोर्टेड नाहीये" म्हणाली आणि नव्या मशिनांची चित्रं पुढे सरकवली. मग कोणीतरी बुधवारातली ही बाई सुचवली. तिथे पोचेपर्यंत रिक्षात मी सासूबाईंशी इतकं ओरडले होते की माझा घसा दुखायला लागला होता आणि रिक्षावाल्याला आमच्या घरातलं सगळं कळलं होतं. "यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो!" मी पायरीवरूनच गर्जना केली.

तिनं मान वर केली. चाळिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले आणि ओठांवर गडद लाल लिपस्टिक. "मोठ्यानं बोलू नका," ती म्हणाली. "नीट बोला."

मला असा राग आला म्हणता! मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. वय साठ, म्हणजे तशी कोवळीच. जगाला आपल्या सल्ल्याची नितांत गरज आहे आणि जग संकोचापोटी विचारत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. आता मागे वळून त्या साठ वर्षांच्या मुलीकडे पाहिलं की तिचे कान उपटावेसे वाटतात. आणि ही कोण कुठली बाई मला बोलायला शिकवणार? शिवाय ती लिपस्टिक. दुकानात बसून एवढं नटायचं काय कारण, हे मी मनातल्या मनात तिला चांगलं सुनावलं. कारण मला नंतर कळलं. बहिरी माणसं ओठ वाचतात. फिक्या ओठांचे शब्द म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. "आणि मला शोभतेही," कारण सांगून झाल्यावर ती म्हणाली. विनय हा प्रकार तिच्याकडे नव्हता. आपण पुण्यातल्या सगळ्यात चांगल्या कानवाल्या आहोत हे ती, दुकानाबाहेर बस थांबते असं सांगावं, तसं सांगायची.

मशीन दुरुस्त झालं. आत ओल जाऊन काहीतरी गंजलं होतं, ते तिनं खरवडून साफ केलं, कानातली नळी बदलली. पण मशीन लगेच कानात घातलं नाही. सासूबाईंच्या समोर बसून, तोंड त्यांच्या तोंडासमोर धरून तिनं विचारलं, "आजी, पहिला आवाज कोणाचा हवा?"

ही तिची पद्धत होती. नवीन मशीन असो की दुरुस्त केलेलं, कान पुन्हा सुरू होणार त्या क्षणी पहिला आवाज कोणाचा ऐकायचा, ते त्या माणसानं ठरवायचं. मग दुकानाच्या मागच्या भागात पोपटांच्या नक्षीची जुनी चादर होती, तो पडदा ओढायचा. पडद्याआड ते माणूस, कानवाली आणि ज्याचा आवाज हवा तो. बाकीच्यांनी बाहेर. मशीन सुरू करताना ती स्वतःसुद्धा दुसरीकडे बघायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "पहिल्यांदा ऐकू आलं की माणसाचं तोंड कसं होतं, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. मग आपण कशाला बघायचं?"

तर सासूबाईंना विचारलं, पहिला आवाज कोणाचा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला गहिवरून आलं. मग त्या म्हणाल्या, "हिचा सोडून कोणाचाही चालेल."

कानवालीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "मॅडम, आपण बाहेर थांबा," एवढंच म्हणाली. मी फुटपाथवर, स्पीकरच्या खोक्यांना टेकून उभी. पडद्याआड सासूबाईंनी कोणाचा आवाज ऐकला हे त्यांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि कानवालीनंही नाही. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. म्हणजे मी जाऊन बसायची, बोलायची, आणि ती काम करता करता अधूनमधून माझी हवा काढायची. गणपतीच्या दिवसांत ढोलताशांनी दुकानाची फळी हादरायला लागली की म्हणायची, "या दहा दिवसांत पुण्यात फक्त माझी गिऱ्हाइकं सुखी."

तिचे वडील कारखान्यात होते. यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान गेले. "बाबा कामावरून आले की आम्ही भावंडं ओरडून बोलायचो. शेजाऱ्यांना वाटायचं यांच्यात रोज भांडणं," ती सांगायची. "मग आईनं शिस्त लावली. समोर बसा, तोंड दाखवा, नीट बोला." भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा, हे जिन्याखालचं दुकान मूळ त्याचं. त्याच्याकडे ती सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकली, आणि रेडिओचे दिवस संपले तेव्हा वडिलांच्या कानातलं मशीन उघडून बसली. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती माझ्याकडे खिरीचा डबा घेऊन यायची. घरात शिरली की पहिल्यांदा सासूबाईंसमोर बसायची, मग माझ्याकडे बघायची. बहिऱ्या माणसांना तिनं शिकवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे गळ्यावर दोन बोटं ठेवून बोलणं. आपला आवाज किती चढलाय हे कानाला कळत नसेल तर बोटांना कळतं. आमच्या घरात सासूबाई दोन बोटं गळ्याला लावून, अतिशय मृदू आवाजात माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागल्या.

तिला एकच गोष्ट छळायची. पहिला आवाज म्हणून लोक जे मागायचे ते बुधवार पेठेत आणता येत नसे. कोणाची बायको अंथरुणाला खिळलेली. कोणाला आपल्या गोठ्यातली गाय हवी. एका निवृत्त शिक्षिकेला घरासमोरच्या शाळेची घंटा हवी होती. एका बाईला नवऱ्याचं घोरणं हवं होतं, "म्हणजे रात्री हात लावून बघायला नको, आहेत की गेले." शिवाय म्हातारी माणसं दोन जिने आणि तीन चौक ओलांडून पेठेत येणार कशी? म्हणून कितीतरी मशिनं घराघरांत कपाटाच्या खणात पडून होती. तिला एक लहानशी गाडी हवी होती. मागे टेबल, दिवा, हत्यारं. गाडी घेऊन धायरी, कात्रज, हडपसर, जिथे म्हातारी माणसं आहेत तिथे जायचं आणि त्यांच्या घरात त्यांचे कान सुरू करायचे. एवढाच तिचा बेत. बँका तिला कर्ज देईनात. जिन्याखालच्या जागेचे कागद तिच्या नावावर नव्हते. बँकेत जन्म घालवलेली मी, मी सांगते, मीही दिलं नसतं. आम्ही तसेच होतो.

आणि मग माझ्या हाती ती जाहिरात पडली. विकसनशील देशांतल्या उद्योजकांसाठी व्यवसाय-आराखड्यांची स्पर्धा. परदेशातली कुठली संस्था, पुण्यात अंतिम फेरी, पहिलं बक्षीस चांगलं घसघशीत. मी आयुष्यभर स्वतःला विकसित समजत आले होते. साठी उलटल्यावर विकसनशील व्हायची संधी चालून आली. मी माझं नाव दिलं. माझा उद्योग होता उपवासाची भाजणी. आराखडा असा, की जगात अब्जावधी लोक कधी ना कधी उपाशी असतात आणि त्यांना अजून भाजणी ठाऊक नाही. हसू नका. मी हे आरशासमोर उभी राहून इंग्रजीत पाठ केलं होतं. पैठणीवर मुलाचा जुना ब्लेझर घातला होता. श्रोते म्हणून ओट्यावर कुकर मांडला होता आणि तो शिट्टी देई तिथे टाळ्या धरून मी थांबत असे.

कानवालीला विचारलं तर तिनं एकच प्रश्न केला. "गाडी देतील?"

"बक्षिसात गाडी सहज येईल."

"मग येते."

आता इथून पुढे माझा रक्तदाब वाढतो, तरी सांगते. अंतिम फेरीत आम्ही दोघी निवडल्या गेलो आणि कर्वेनगरातल्या एका कॉलेजात आमचं शिबिर झालं. तिथे आम्हाला घडवायला एक तरुण नेमला होता. मे महिन्यात जॅकेट घालून यायचा, म्हणून आम्ही त्याला जॅकेट म्हणायचो. जॅकेटचं म्हणणं, तुमचा धंदा काय आहे हे कोणी ऐकत नाही, तुमची जर्नी ऐकतात.

"तर ताई, तुमची जर्नी सांगा."

"बसनं आले," कानवाली म्हणाली.

"तसं नाही. म्हणजे, बॅकग्राउंड. गरिबी वगैरे."

"वडील कायम नोकरीत होते. पगार होता, पेन्शन होती. आमच्याकडे सायकल होती."

जॅकेटचा चेहरा पडला. आवाजात कणव आणून तो म्हणाला, "पण ताई, तुमच्या समाजावर... तुम्हाला अन्याय तर फेस करावा लागला असेल ना? ते जर स्टेजवर आलं ना, खूप पॉवरफुल होईल."

वर्गात इतर दहा-पंधरा स्पर्धक. सगळे वह्यांत बघायला लागले. कानवालीनं त्याच्याकडे बघितलं, नीट, ओठ दिसतील असं. "झाला अन्याय," ती म्हणाली. "त्याचा आणि माझ्या गाडीचा काय संबंध? तुम्ही गाडी अन्यायाला देताय की कामाला?"

त्यानं ते फळ्यावर लिहून घेतलं नाही. बाकी सगळं लिहायचा.

मग तो कॅमेरावाल्याला घेऊन तिच्या दुकानात गेला. मी तिथेच बसले होते. एक गिऱ्हाईक आलं, तिनं विचारलं पहिला आवाज कोणाचा, पडदा ओढला. जॅकेटचे डोळे असे चमकले की मला पाल आठवली. "ताई, हे! हेच! हे पडद्याबाहेर करायचं. लाइव्ह. ऑडियन्समध्ये एक डोळा कोरडा राहणार नाही."

"नाही," ती म्हणाली.

"फक्त एकदा."

"मी नाही म्हणाले. तुम्हाला ऐकू आलं नसेल तर बसा, कान तपासते."

तो हसला. हसणाऱ्या माणसाला नकार पोचला असं आपण धरून चालतो. जाताना त्यानं आणखी एक सूचना केली. "आणि फायनलला जरा साधं या ना, ताई. लिपस्टिक नको. थोडं ऑथेंटिक." मी तेव्हा काय केलं असेल? मी माझ्या ब्लेझरबद्दल त्याचं मत विचारलं. घ्या!

अंतिम फेरी एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात होती. आत इतकी थंडी की परदेशी परीक्षकांना आपल्या गावी असल्यासारखं वाटावं. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग घंटा. माझा नंबर आधी होता. मी व्यासपीठाला नमस्कार केला, परीक्षकांना नमस्कार केला, सभागृहाला नमस्कार केला, भाजणीचा इतिहास सुरू केला आणि ज्वारीपर्यंत पोचले तोच घंटा झाली. खरं तर उपवासाच्या भाजणीत ज्वारी नसतेच. इतकी घाबरले होते.

मग कानवाली. लिपस्टिक नेहमीपेक्षा गडद. हातात हत्यारांची पेटी. आवाज नेहमीचा, हळू. माईकवाल्यानं धावपळ करून आवाज वाढवला, तिनं हातानं कमी करायला सांगितला. आणि तो थंड, कुजबुजणारा हॉल गप्प होऊन पुढे वाकला. तिनं चादरीबद्दल सांगितलं, कपाटातल्या मशिनांबद्दल सांगितलं, गाडीत काय काय असेल ते सांगितलं. परीक्षकांतली एक पिंगट केसांची बाई भराभर लिहीत होती. माझ्या शेजारच्या स्पर्धकानं श्वास सोडला, "यांनाच मिळणार." मलाही तेच दिसत होतं. गाडी दाराशी उभी होती म्हणा.

तेवढ्यात जॅकेट माईक घेऊन पुढे झाला. "अँड नाउ, एक छोटंसं सरप्राइज!" आणि बाजूच्या दारातून त्यांनी धायरीच्या आबांना आणलं.

आबा म्हणजे तिचं गिऱ्हाईक. पूर्वी त्यांचं गुऱ्हाळ होतं. कान जवळजवळ पूर्ण गेलेले. त्यांचं नवीन मशीन तिनं तयार केलं होतं आणि येत्या रविवारी धायरीला जाऊन ती ते घालणार होती, कारण आबांना पहिला आवाज आपल्या बायकोचा हवा होता आणि तिला गुडघ्यांमुळे उंबरा ओलांडता येत नव्हता. हे सगळं जॅकेटला माहीत होतं. त्यानंच तिच्याकडून विचारून घेतलं होतं, "आराखड्यात उदाहरण घालायला." आणि त्यानं आबांच्या घरी हॉटेलची गाडी पाठवली होती आणि काय सांगून आणलं होतं, माहीत आहे? "कानवाल्या बाईंनी गाडी पाठवलीय." कधी नव्हे तो माणूस इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा बांधून आला होता.

आबांना स्टेजच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. दोन कॅमेरे त्यांच्या तोंडाशी आणून लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहिऱ्या माणसाचं स्वागत टाळ्यांनी! शिकलेल्या माणसांचा हॉल होता हो तो. आबा त्या हलणाऱ्या हातांकडे बघत राहिले. जॅकेट कानवालीच्या कानाशी लागला. पहिल्या रांगेतून मला त्याचे ओठ दिसले. तिच्या सहवासात एवढं तरी शिकले होते. तो म्हणत होता, "घाला. जिंकलात तुम्ही."

तिनं पेटी उघडली. आबांसमोर गुडघे टेकून बसली. चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर. हळू, नीट विचारलं, "आबा, इथं घालू?"

आबांनी तिचे ओठ वाचले. आजूबाजूला पाहिलं. मग बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे म्हणाले, "म्हातारी कुठं हाय?"

"घरी."

"मग हितं कशापायी?"

हॉल हसला. त्यांना ते गोड वाटलं. पिंगट केसांच्या बाईला कोणीतरी भाषांतर करून सांगितलं, तीही हसली. कानवालीनं पेटी बंद केली. कडी लावल्याचा आवाज माईकमध्ये आला. मग उठून परीक्षकांना म्हणाली, "माझा आराखडा हाच आहे. मशीन त्यांच्या घरी घालायचं. तुम्हाला समजावून सांगितला, आता करून दाखवते." आबांचा हात धरला आणि दोघं स्टेजवरून खाली उतरली. घंटा नंतर वाजली. पाच मिनिटं पुरती झालीही नव्हती, गडबडीत कोणीतरी उगीच वाजवली.

मी ब्लेझर खुर्चीवर टाकला आणि मागोमाग धावले. आबांना आणायला गाडी होती, पोचवायला नव्हती. सरप्राइजचं काम झालं नव्हतं ना. रिक्षानं धायरीला गेलो. रस्ताभर मी जॅकेटला शिव्या घालत होते. कानवाली म्हणाली, "मॅडम, रिक्षावाल्याचे कान चांगले आहेत. तसेच राहू द्या."

आबांच्या घरात पडदा नव्हता. तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आत आबा, त्यांची बायको आणि ती. सुना-नातवंडं आणि मी अंगणात. मग आतून म्हातारीचा आवाज आला, लाजून सुरू झालेला आणि बघता बघता चढत गेलेला, "दिसभर कुठं हुता वो? मोटारीत बसून? जेवान गार झालं की!" धाकटी सून पदर तोंडाशी धरून विहिरीकडे निघून गेली. कानवाली बाहेर आली, चपला घातल्या, म्हणाली, "चला. बस मिळेल."

बक्षीस एका ॲपला मिळालं. फोनवर बीप वाजते, ऐकू आली तर बटण दाबायचं, म्हणजे आपण बहिरे नाही हे घरबसल्या कळतं. ते ॲप आज कुठे आहे हे मी विचारून पाहिलं. कोणाला ठाऊक नाही. कानवालीबद्दल परीक्षकांचा शेरा जॅकेटनं फोनवर वाचून दाखवला. काम सुंदर, पण स्केल होत नाही.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे ताई, तुम्ही नसाल तर हे चालणार नाही."

"ते खरंच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला याचा राग येतो. तेव्हा आला त्याहून जास्त आज येतो. ज्यांच्या हातात काम आहे अशा माणसांना शर्यतीच्या रांगेत उभं करायचं, सगळ्यांना पळवायचं, दमवायचं, रडवायचं, आणि मग एकाच्या गळ्यात माळ घालून बाकीच्यांना सांगायचं की तुम्हाला अनुभव मिळाला. लाख माणसांना एकदम ऐकू आलं पाहिजे म्हणे! माणसाला कान दोनच असतात आणि ते त्याच्या स्वतःच्या डोक्याला असतात. तिथपर्यंत कोणाला तरी चालत जावं लागतं. ती गेली. पुढची सगळी वर्षं दर रविवारी पेटी घेऊन बसनं गेली. गाडी मिळाली असती तर तिप्पट घरं झाली असती. जी घरं राहिली तिथली माणसं शांततेत मेली, आणि त्यांचा हिशेब कोणाच्या शेऱ्यात नाही.

माझे कान जायला लागले तेव्हा ती कर्वेनगरला माझ्याकडे आली. चढ चढून धाप लागली होती, लिपस्टिक जागेवर होती. मुलगा परदेशात, नवरा भिंतीवर, नात घरात पण तिच्या कानांत इअरफोनची बोंडं. कानवाली समोर बसली. "पहिला आवाज कोणाचा हवा, मॅडम?"

"तुमचा," मी म्हटलं. "आणि एकदा तरी ओरडा माझ्यावर. एवढी वर्षं वाट बघतेय."

तिनं नातीला बाहेर काढलं, खिडकीचा पडदा ओढला, मशीन घातलं आणि कपाटाकडे तोंड केलं. काहीच ऐकू येईना. मला वाटलं मशीन बिघडलं. मग अगदी जवळून, पावडरच्या वासासकट, आवाज आला, "मॅडम, आता तरी जरा कमी बोला."

माझं तोंड कसं झालं होतं ते मला माहीत नाही. तिनं पाहिलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. ताप आला, दवाखान्यात ठेवलं, परत आली नाही. घराजवळच्या विहारात सगळे जमले. पांढऱ्या कपड्यांतली तिची माणसं, आणि मागच्या रांगांत, कोणी काठीवर, कोणी नातवाच्या हाताला धरून, तिची गिऱ्हाइकं. कोणी माईक लावला नव्हता. बोलणारे नीट बोलले, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

आणि या वर्षी मला बोलावणं आलं. तीच स्पर्धा, नवं हॉटेल. जॅकेट आता संस्थेचा पुण्याचा प्रमुख आहे. आता त्याच्या जॅकेटचं बटण लागत नाही. "मॅम, तुम्ही आमच्या सीनियर मोस्ट अलम्नाय. दीपप्रज्वलन, आणि फक्त तीन मिनिटं इन्स्पायरिंग बोला." मी गेले. दारातच माणसाहून उंच फलक. त्यावर कानवाली आणि आबा. तो फोटो मी ओळखला. आबांचा हात धरून ती स्टेजवरून उतरत होती तेव्हाचा. पण कडा अशा कापल्या होत्या की ती त्यांना स्टेजवर आणतेय असं वाटावं. खाली लिहिलं होतं, "तिनं दिला हजारोंना आवाज. आमची यशोगाथा."

मी दिवा लावला. माईकसमोर उभी राहिले. जन्मभर मी जे केलं ते तिथे केलं नाही. ओरडले नाही. माईक थोडा लांब सरकवला आणि हळू सुरुवात केली. समोरच्या खुर्च्यांत नवी पोरंपोरी, हातात आपापले आराखडे, कोणाच्या ब्लेझरला अजून किमतीची चिठ्ठी. ती सगळी पुढे वाकली. मी म्हटलं, "दारात जो फोटो आहे, त्यात ती बाई येत नाहीये. जातेय. का जातेय ते सांगते." जॅकेट जागेवरून अर्धा उठला. मी चादरीपासून सुरुवात केली. आबांपर्यंत आले, त्यांना खोटं सांगून आणलेल्या गाडीपर्यंत आले, आणि तेव्हा घंटा झाली.

मी थांबले. मशीन कानातून काढलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली. जॅकेट हात हलवत होता, घंटेवाली मुलगी पुन्हा पुन्हा घंटा हलवत होती, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मग दोन बोटं गळ्याला लावली आणि पुढचं सगळं नीट सांगितलं.